उलटा बसवलेला पिस्टन

वडिलांची मोटरसायकल आमच्या पार्किंगमध्ये सतरा-अठरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. दोन सायलेन्सरची, जुनी टू-स्ट्रोक. इंजिन जाम झालेलं. गाडी हलवा, नाहीतर भंगारात देऊ, अशी चिठ्ठी सोसायटीनं लावली, तेव्हा मी म्हणाले, "दादा, मी उघडते इंजिन."

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते मूळचे सायखेड्याचे, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपवातामुळे आता त्यांना चहाचा कपही नीट धरता येत नाही, पण नजर शाबूत आहे. जीभ तर त्याहून.

"तू?" ते हसले. "तुझं इंजिन फळ्यावरचं. खडूनं काढायचं नि डस्टरनं पुसायचं."

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. इंजिनाची आकृती डोळे मिटून काढेन, पण पाना आयुष्यात एकदाच धरला होता, दहा वर्षांची असताना. दादांनी तो हिसकावून घेतला होता आणि शेजाऱ्यांसमोर म्हणाले होते, बाईमाणसाचा हात लागला की आटे जातात.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू केलं. सकाळी मी त्यांची खुर्ची खाली नेऊन ठेवायची आणि ते काठी टेकत यायचे. मी फोनवर व्हिडिओ बघून एकेक नट सोडवायची. पाना घसरला की ते च्यक् करायचे. काही विचारलं तर म्हणायचे, "शिकलेली हायेस ना? वाच कुठंतरी." येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "बघा, आमच्या मॅडम पोस्टमॉर्टेम करतायत."

इंजिनाचा ब्लॉक सातपूरला लेथवर नेऊन बोअर करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून आणला. नवा पिस्टन, नव्या रिंगा आणल्या. पिस्टन बसवला त्या दिवशी दादा खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, शेवटी पटलं यांना. माझे डोळे भरून आले होते, हे लिहितानाही लाज वाटते.

सहाव्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर पार्किंगभर पसरला आणि मी लहान पोरीसारखी ओरडले. दोन मिनिटं झाली असतील. आतून काच चघळल्यासारखा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं.

पुन्हा उघडलं. रिंग तुटली होती, नव्याकोऱ्या बोअरवर खोल ओरखडे होते. लेथवाल्यानं पिस्टन हातात फिरवला. "मॅडम, हा उलटा बसवला. वर बाण आहे ना, तो सायलेन्सरच्या बाजूला पाहिजे. नाहीतर रिंगेची टोकं ब्लॉकमधल्या खिडकीत, म्हणजे त्या भोकात, अडकतात."

घरी येऊन दादांना सांगितलं.

"बाण व्हय? दिसला होता की मला. बसवला त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला गाडी चालू करायची होती," ते म्हणाले. "मला तुझं तोंड बघायचं होतं."

रोज चहाचा कप मी त्यांच्या ओठांशी धरते. त्या संध्याकाळी समोर ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी स्वतः उचलला. अर्धा धोतरावर सांडला. चहा कोमट होता, भाजणार नाही हे मला माहीत होतं. मी पुसायला वाकले नाही.

दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं. खुर्ची मात्र खाली नेली नाही. दादा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून सांगायचे, "हेडचे नट समोरासमोरचे आवळ. एका बाजूनं नको." सल्ला बरोबर होता. मी तसंच केलं, पण मान वर केली नाही.

थंडीत गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. एका रविवारी सायखेड्याला जायला मी ती गेटपाशी आणली, तर दादा कठडा धरून एकेक पायरी उतरत आलेले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी.

"सायखेड्याला चाललीस? मागं बसतो मी. लय दिवसांत गाव पाहिलं नाय."

गेटपाशी तिघं-चौघं उभे होते. हळू बोलता आलं असतं. पंच्यानं त्यांना माझ्या कमरेशी बांधून हळूहळू नेताही आलं असतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नको दादा. तुमच्या हातात धरायचाही जोर नाही. पडाल."

त्यांनी एकदा लोकांकडे पाहिलं. "खरंय," म्हणाले आणि वळले. चढताना दुसऱ्याच पायरीवर थांबले. मी किक मारली.

रस्ताभर द्राक्षबागा होत्या आणि इंजिन एका सुरात चाललं होतं. मला वाईट वाटत नव्हतं. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. सायखेड्यात चुलत्यांनी गाडी ओळखली. "दादा नाय आला?" म्हणाले. मी सांगितलं, "त्यांना आता जमत नाही. इंजिन मीच बांधलं."

चुलत्यांनी लगेच आमच्या घरी फोन लावून तेच दादांना ऐकवलं. मी अडवलं नाही.

दादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पेपरामागून विचारलं, "चढाला ओढते का?"

"ओढते."

त्यांनी पान उलटलं. मागं बसायचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही विचारलेलं नाही.