पंख्याची खडखड

सुरतेच्या या खोलीत माझ्या उशाशी एक टेबलपंखा आहे. घरमालकीणबाईंनी तो आपणहून दिला, उकाड्यात जीव वाचवला. पण तो रात्रभर खडखडायचा. झोप झाली नाही की कारखान्यात शिलाई मशीनवर माझा डोळा लागायचा. परवा तर सुई नखातून आरपार गेली.

शेजारच्या खाटेवरच्या मंदाताई म्हणाल्या, “होईल गं सवय. मला नाही झाली?”

सवय! सातवीत शाळा सुटली तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. गाव सुटलं तेव्हाही. कुणी मायेनं काही दिलं की त्यातली खोट बोलून दाखवायची मला भीती वाटते. पण उपकार मानायचे म्हणून बोटंही द्यायची का?

रविवारी मी पंख्याची जाळी उघडली.

“मोडलास तर दोघींना बाहेर काढतील हं!” मंदाताई ओरडल्या.

“मग अंगणात झोपू. तिथं फुकट वारा आहे.”

मशीनच्या तेलाचे दोन थेंब पात्यांच्या दांड्याला दिले, सैल जाळी दोऱ्यानं आवळली, बुडाखाली चिंध्यांची घडी सारली. तेल दिल्यावर मशीन आधी चिंधीवर चालवतात, तसा पंखाही आधी भिंतीकडे तोंड करून फिरवला. भिंतीवर चार ठिपके उडाले. मग नुसता वारा.

रात्री त्या शांततेत मंदाताईंनाच झोप येईना. “पंखा चालू आहे ना गं?” त्यांनी दोनदा विचारलं.

“चालू आहे. आता याचीच सवय करा,” मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आधी झोपले.