राखणीची पाळी

विसर्जनाची रात्र सरली आणि पहाटे भूकंप झाला. मी लातूरला होतो. गावी आई, पत्नी आणि मुलगी होत्या. घर पडलं. तिघी गेल्या.

त्यानंतर मी छताखाली झोपू शकलो नाही. सुरुवातीला यात वेगळं काही नव्हतं. लातूरमध्ये त्या काळात सगळेच रस्त्यावर, मैदानात, अंगणात झोपत. हळूहळू लोक घरात गेले, मी बाहेरच राहिलो. नव्या वसलेल्या गावात मिळालेलं घर कुलपात ठेवलं आणि लातूरला अंगण असलेली एक खोली भाड्याने घेतली. कॉलेजात शिकवायचो, संध्याकाळी वाचत बसायचो आणि रात्री अंगणात बाज टाकायचो. पाऊस आला तर पडवीच्या पत्र्याखाली बसून काढायचो. झोप अशी लागायचीच नाही. आपण जागं राहिलो तर काही पडणार नाही, अशी काहीतरी समजूत मनात बसली होती. ती खुळी आहे हे कळत होतं, पण कळल्याने ती जात नव्हती. पूर्वी मी नेमाने पोथी वाचणारा माणूस. देवाशी भांडण झालं नाही, फक्त बोलणं थांबलं. जो त्या पहाटे जागा नव्हता त्याच्या भरवशावर डोळे कसे मिटायचे, हा माझा साधा प्रश्न होता, आणि तो मी कुणाला विचारला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. लातूरला क्लासेस वाढले, बाहेरगावची मुलं येऊ लागली आणि आमच्या गल्लीतली अंगणं एकेक करून वसतिगृहाच्या खोल्यांखाली गेली. एक दिवस घरमालक माझ्या बाजेवर येऊन बसले. म्हणाले, "सर, आंगन आता कोणीच ठेवत न्हाई. पोरं खोल्या मागायलेत. उन्हाळ्यात स्लॅब टाकावा म्हणतो. तुमची खोली तुमचीच हाय, फकस्त बाज आत घ्यावी लागंल." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण बाज आत घेणं मला जमणार नव्हतं, आणि अंगण असलेली खोली शहरात आता कुठेच उरली नव्हती.

हे मी फक्त शफीभाईंना सांगितलं. गोलाईच्या चौकाजवळ त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. माझी जुनी पुस्तकं ते बांधून द्यायचे, आणि आता क्लासच्या नोट्सच्या थप्प्यांमध्ये बसलेले दिसायचे. ते हातातली सुई न थांबवता म्हणाले, "सर, जिमीन हालली म्हणून तुम्ही जिमिनीवरच रुसून बसले. जरा पाण्यावर जाऊन या. समिंदर तरी कुठं बघितला तुम्ही?" त्यांचा एक मावसभाऊ अंदमानात शिलाईकाम करत होता. तिथल्या एका लहान बेटावरचं तेलुगू कोळ्यांचं घर त्याच्या ओळखीचं होतं. सुट्टी लागल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याची पाठीवरची सॅक घेऊन मी निघालो. निघताना शफीभाई हसले. "पाठीवर दप्तर! सर, आता तुम्हीच पोरगं दिसायलात."

चेन्नईहून जहाज, आणि उतरल्या दिवशीच पुढची छोटी बोट. बेटावर पाय ठेवला तेव्हा दुपार होती. ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या लक्ष्मम्मा, आणि त्यांचे म्हातारे दीर, ज्यांना सगळी वस्ती तातय्या म्हणजे आजोबा म्हणत असे. त्सुनामीने ही वस्ती वाहून नेली होती. नंतर सरकारने थोड्या उंचावर सिमेंटची घरं बांधून दिली होती. लक्ष्मम्मांनी दारातच विचारलं, "तिन्नावा?" जेवलास का, एवढाच अर्थ. माझ्या आईचं माहेर देगलूरच्या पलीकडचं, तेलुगू मुलखातलं, त्यामुळे असे थोडे शब्द मला येत होते. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी आत पाट मांडला. दिवसा जेवण्यापुरतं छताखाली बसणं मला चालत असे, म्हणून बसलो.

पहिला घास घेतला आणि जमीन हलली. आधी हळू, मग स्पष्ट. मी ताट तसंच टाकून उठलो, लक्ष्मम्मांचा हात धरून त्यांना बाहेर ओढलं आणि ओरडलो, "भूकंप! भूकंप! बाहेर पळा!" हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो. पण आमच्याकडे भूकंप म्हटलं की माणूस घराबाहेर येऊन थांबतो. तिथे थांबत नाहीत. तिथे जमीन हलली की पाठोपाठ समुद्र येतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. बघता बघता सगळी वस्ती मागच्या टेकडीवर धावत सुटली. बायकांच्या काखेत मुलं, कुणाच्या हातात कोंबडी. तातय्यांना दोघांनी उचललं होतं. मीही धावलो.

वर पोहोचल्यावर सगळे समुद्राकडे बघत बसले. समुद्र शांत होता. बऱ्याच वेळाने तातय्यांनी मला विचारलं, "सार, जहाज से कब उतरा?"

"आज सकाळी."

"और बोट से?"

"आत्ताच."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पहिल्यांदाच बोटीतून आलेल्या माणसाला जमिनीवरही बराच वेळ डोलल्यासारखं वाटतं, हे कोळ्यांच्या पोरासोरांनाही माहीत होतं. मराठवाड्यातल्या माणसाला ते कुठून माहीत असणार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. पण कुणी रागावलं नाही. एक बाई मुलाला पाजता पाजता म्हणाली, "अच्छा हुआ. बहुत दिन से कोई भागा नहीं था. अब मालूम हुआ, पाँव चलता है." लक्ष्मम्मा म्हणाल्या, "मेरा हात तोड दिया इसने. लेकिन मेरे को छोड के नहीं भागा." त्या दिवसापासून मी त्या वस्तीत 'भूकंपम् सार' झालो. पोरं लांबून हाक मारून पळायची, आणि त्यांच्या आया मला घरी बोलावून मासळीचं कालवण वाढायच्या. मी मासे खात नव्हतो. मग त्या पुळीहोर, म्हणजे चिंचेचा भात, करू लागल्या.

टेकडीवर शेंदूर लावलेला एक दगड होता. ती गंगम्मा. जुनी जागा समुद्रात गेल्यावर तिला वर आणून बसवलं होतं. तिच्यापुढे फळ्यांचं एक मचाण होतं आणि त्यावर दर रात्री वस्तीतलं कुणीतरी एक जण समुद्राकडे तोंड करून जागं बसायचं. आज याची पाळी, उद्या त्याची. बायकाही बसत. बाकी सगळे घरात निवांत झोपत. मी लक्ष्मम्मांच्या अंगणात पडून हे काही दिवस पाहिलं. मग तातय्यांना म्हटलं, माझ्या हिंदीत म्हटलं, की मला तशीही झोप येत नाही, मी आहे तोवर रोज मीच बसतो.

त्यांनी विणत असलेल्या जाळ्यातून मान वर केली. "रोज? रोज कौन बैठता? एक आदमी, एक रात. रोज बैठेगा तो पागल हो जाएगा."

"मला सवय आहे."

"किस का पहरा देता तुम? किधर?"

मी त्यांना सांगितलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते, मोडक्या हिंदीत, थोड्या वाक्यांत. त्यांचा स्वतःचा मुलगा आणि सून त्या लाटेत गेले होते, हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "जागती वो है," आणि टेकडीकडे बोट केलं. "हम लोग सिर्फ उसके साथ बैठता. उसको अकेला नहीं लगने का, इसलिए. समुद्र को हम क्या रोकेगा?" मग परत जाळ्यात मान घातली. "कल तुम्हारा बारी. एक रात."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी वर गेलो. गंगम्मेपुढे दिवा लावला. कितीतरी वर्षांनी मी कुठल्या देवापुढे हात जोडत होतो, आणि काय मागायचं ते सुचलं नाही. मी नुसता तिच्यासोबत बसलो. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समुद्र होता तिथेच होता.

उजाडल्यावर काठी टेकत तातय्या वर आले. हे त्यांच्याकडे नेमाने होतं. रात्र संपली की कुणीतरी येतं आणि राखणीला बसलेल्याला उठवतं, त्याशिवाय तो उठत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "हो गया तुम्हारा. अब पडुको."

पडुको म्हणजे झोप. मी लहान असताना ताप आला की आई असंच म्हणायची. तिच्या माहेरचा एवढा एकच शब्द ती तेव्हा वापरायची. तिच्यानंतर तो मी ऐकला नव्हता. यावर मला वाद घालायचा नाही. कुणीही तेलुगू माणूस हाच शब्द म्हणाला असता. पण मी उठलो, टेकडी उतरलो, आणि बाहेर ऊन चढत होतं म्हणून असेल, लक्ष्मम्मांच्या घरात जाऊन चटईवर आडवा झालो. वर सिमेंटचं छत होतं. ते मी पाहिलं आणि डोळे मिटले.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. लक्ष्मम्मा उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. पोरांना आत येऊ दिलं नव्हतं. मला उठलेला पाहून त्या बाहेर कुणालातरी म्हणाल्या, "भूकंपम् सार जिंदा है." बाहेर हशा पिकला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. भूकंपानंतर पहिल्यांदा.

लातूरला परतल्यावर मालकांना स्लॅब टाकू दिला. बाज आत घेतली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. काही रात्री आजही बसून जातात. पण जागं राहणं हे माझं एकट्याचं काम आहे असं आता वाटत नाही. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं असतं, असं पोथ्या वाचताना वाटायचं. माझ्या वाट्याला ते एवढंच आलं की आपली पाळी झाली की उठायचं आणि पुढचं जो जागा आहे त्याच्यावर सोडायचं. त्या पहाटे तो कुठे होता, हे मला अजून कळलेलं नाही. आता मी त्याला ते विचारतो, एवढं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे.

आई नाही, पत्नी नाही, मुलगी नाही. मी आहे. रात्री झोप लागते.