पाळकांचा पालकवर्ग

आमच्याकडे सध्या चर्चची उपासना चालवणाऱ्या पाळकांचा दुष्काळ आहे. तरुण पोरं बँकेत जातात, परदेशी जातात, जिममध्ये जातात. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत कोणी जात नाही. त्यामुळे चार चर्चना मिळून एकटा मी, तोही निवृत्तीनंतर परत बोलावलेला आणि गुडघ्यांनी कुरकुरणारा. एकदा धावपळीत मी लग्नाला जमलेल्या लोकांसमोर अंत्यविधीची प्रार्थना सुरू केली होती. नवरीच्या बापाने जोरात खोकून वेळ मारून नेली.

शेवटी बिशप म्हणाले, “वर्षअखेरपर्यंत मंडळीतलाच कोणीतरी तयार करा. नाही जमलं, तर चारांतलं तुमचं घरचं चर्च बंद करू.” माझं लग्न याच चर्चमध्ये झालं, बायकोला अखेरचा निरोपही इथूनच दिला. त्याला कुलूप लागलेलं मला बघवलं नसतं. म्हणून ‘पाळक प्रशिक्षण वर्ग’ असा फलक रंगवून घेतला. रंगाऱ्याने ‘ळ’चा ‘ल’ केला, आणि चष्मा घरी विसरून आलेल्या मी “झकास” म्हणून त्याची पाठ थोपटली.

पहिल्या दिवशी हॉल गच्च भरला. मी खुशीत येऊन उपदेशाची रचना या विषयावर बराच वेळ पाल्हाळ लावलं. मग मागून कोपऱ्यावरच्या ब्युटी पार्लरची मालकीण उठली. तिला सगळे पार्लरताई म्हणत.

“पाळकसाहेब, हे सगळं ठीक आहे, पण पोरगी दार लावून बसते, त्याचं काय करायचं?”

सगळ्या हॉलने माना डोलावल्या. मी फलक वाचायला बाहेर गेलो.

आत येऊन खरं सांगायला हवं होतं. पण भरलेला हॉल बघून किती वर्षं झाली होती. मला हाव सुटली. मी सरळ मुलं वाढवण्यावर बोलू लागलो. माझा एकुलता एक मुलगा माझ्या मेसेजला नुसता अंगठा पाठवतो, हे तेवढं गाळलं.

लोक शहाणे होते, हळूहळू गळाले. उरली एकटी पार्लरताई. मी म्हटलं, आता आलीच आहेस तर पाळकाचं काम शिक. ती हसली आणि शिकू लागली. विद्यार्थिनी म्हणून दिव्यच होती. बायबलमधला कोणता संदेष्टा आधीचा, कोणता नंतरचा, सगळा गोंधळ. प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवायची. “मिटले तर कोण रडतंय ते कसं दिसणार?” असं वर मलाच विचारायची. उपदेशात तीन मुद्दे हवेत, असं मी बजावायचो. ती म्हणायची, “माझ्याकडे एकच आहे.”

वर्षअखेरीला बिशप स्वतः उपासनेला येणार असं कळलं आणि नेमका त्याच आठवड्यात मी तापाने आडवा झालो. रविवार आता तिच्यावर. चर्च गेलंच, असं मी धरून चाललो. शनिवारी ती घरी आली, तेव्हा मी पडल्यापडल्या सूचनांचा सपाटा लावला. कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं, हात किती वर न्यायचे. तिने सगळं ऐकून घेतलं.

“ते होईल. तुम्ही कसे आहात?”

“ताप उतरतोय.”

“ताप नाही विचारला. काकू गेल्यापासून तुमच्याकडे कोण येतं?”

हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात घराघरांत जाऊन विचारला होता. मला तो कधी कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हुंदका फुटला. मी लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत रडलो. तिने खुर्ची जवळ ओढली आणि नुसती बसून राहिली. बायबलमधलं वचन नाही, प्रार्थना नाही. मी शिकवलेलं एक अक्षर तिने वापरलं नाही. फार एकटा पडलो होतो मी, आणि ते मलाच त्या दिवशी कळलं.

रविवारी दुपारी बिशपांचा फोन आला.

“उपदेश अगदीच तोकडा झाला. पण उपासना संपली तरी लोक तिच्याभोवतीच, कोणी घरी जाईना. चर्च चालू ठेवू या. तुम्ही तिला शिकवलंत तरी काय?”

“फारसं काही शिकवता आलं नाही,” मी म्हणालो. “देवाची कृपा.”