दुकान बंद नव्हतं

आमचं दुकान कायमचं बंद झालंय, हे मला आमच्याच दुकानात बसून कळलं.

शनिवार होता. महाप्याच्या ऑफिसला सुट्टी, म्हणून मी जुईनगरच्या गाळ्यात नवऱ्याच्या मदतीला गेले होते. तो मापाचे बूट करतो. बाजारातले बूट ज्यांना घालताच येत नाहीत अशांसाठी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाचे तळवे मधुमेहाने बधिर झालेले. पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून लाकडाचं कलबूत घडवायचं, आणि त्यावर चामडं ओढून बूट बांधायचा. उलव्याहून एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आली. मुलगी डावी टाच उचलून चालत होती. बाई दारातच थांबली.

"चालू आहे ना हो? बंद झालंय असं दाखवतंय."

"कुठे?"

तिने मोबाइल पुढे केला. 'नवी मुंबईत आखूड पायासाठी बूट कोण करून देतं' असं तिने त्यातल्या एआयला विचारलं होतं. उत्तर अगदी सुबक मराठीत होतं. आमचा पत्ता बरोबर, आणि पुढे: हे दुकान कायमचे बंद झाले आहे, याच कुटुंबाचे वाशी येथील दुकान सुरू आहे. शेजारच्या इमारतीत मुलीची फिजिओथेरपी असते, शटर उघडं दिसलं म्हणून ती डोकावली. एरवी रिक्षा वाशीकडेच वळली असती.

उत्तराखाली बारीक अक्षरांत ते कुठून घेतलंय ते दिलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्या मोठ्या दिरांची वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर, फोटोच्या खाली: 'आमची जुईनगर शाखा कायमची बंद झाली आहे. सर्व ग्राहकांनी वाशीला यावे.'

दोघे भाऊ आधी एकत्रच होते. वाशीचं दुकान मोठे दीर बघायचे. गिऱ्हाईक, फोन, बोलणं सगळं त्यांच्याकडे. बूट मात्र जुईनगरच्या गाळ्यात व्हायचे, माझ्या नवऱ्याच्या हातून. पुढे दिरांना वाटायला लागलं की एकेक बूट बांधत बसण्यापेक्षा तयार माल आणावा, आत एक गादी चिकटवावी आणि मापाचा म्हणून द्यावा. नवरा नाही म्हणाला. वेगळे झालो. वडिलांच्या वेळचं नाव, फोन नंबर आणि वाशी त्यांच्याकडे गेलं. गाळा आणि कलबुतं आमच्याकडे राहिली. आम्ही पाटी बदलली, नवं नाव दिलं, आणि गिऱ्हाईक आपोआप येईल असं समजून बसलो. ते येईना. नवरा म्हणायचा, दिवस मंदीचे आहेत.

त्या बाईच्या मुलीचं माप घेऊन झाल्यावर नवऱ्याने फोन लावला. स्पीकरवर.

"दादा, तू शाखा बंद झाली म्हणून टाकलंयस."

"मग? झालीच ना बंद. माझी शाखा होती, तू गेलास, बंद झाली. खोटं काय लिहिलंय?"

"पण लोकांना वाटतं मी काम सोडलं."

"लोकांचं टेन्शन मी घेऊ का? आणि तसंही तुझे हात आता पहिल्यासारखे नाहीत, सगळे म्हणतात."

सगळे म्हणजे तेच. नात्यात ही बातमी त्यांनीच फिरवली होती. नवऱ्याने फोन ठेवला, रापी उचलली आणि चामडं कापायला लागला. हात स्थिर होते.

तरी तेव्हा मला फक्त चीड आली होती. सूड घ्यायचा हे ठरलं ते दोन आठवड्यांनी, नेरुळच्या निवृत्त शिक्षिका आल्या तेव्हा. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मधुमेह, तळव्यांना संवेदना नाही. नवरा त्यांचे बूट आतून शिवण न ठेवता करायचा, कारण शिवण घासली तरी त्यांना कळलं नसतं. त्या वॉकर घेऊन आल्या. उजव्या पायाचा अंगठा नव्हता.

"मला कळलं तुम्ही काम सोडलं," त्या म्हणाल्या. "भाच्याने मोबाइलवर विचारलं, त्यात तसंच आलं. मग वाशीला गेले. तुमच्याच घरचं म्हणून गेले."

तिथे दिलेला बूट तयार मालातला होता, आतली गादी एका कडेला दुमडलेली. त्या दिवसभर तो घालून हिंडल्या. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. नवरा त्यांच्या पायाशी बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्यांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दिरांना मी नमस्कार करत आले होते, त्यांच्या पानात वाढत आले होते. आता मला त्यांना रडताना बघायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मनाशी अगदी याच शब्दांत म्हटलं.

माझी नोकरी साधी. एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी मदतीची पानं लिहिते. गिऱ्हाईक अडलं की काय विचारेल, ते त्याच्याच शब्दांत वर लिहायचं आणि खाली सरळ उत्तर द्यायचं. हल्ली ती पानं माणसं कमी आणि एआय जास्त वाचतं, हे मला ऑफिसात माहीत होतं. घरच्या दुकानासाठी ते कधी डोक्यात आलं नव्हतं. आमचं इंटरनेटवर होतं काय? एका फ्लेक्सचा फोटो. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं. आमच्याबद्दल वाक्यात बोललेलं जगात एकच पान होतं आणि ते दिरांचं होतं. मशीनने त्यांचं ऐकलं यात नवल नव्हतं. दुसरं कुणी बोलतच नव्हतं.

मी बोलायला सुरुवात केली.

आधी नाव, पत्ता, नंबर सगळीकडे एकसारखं केलं. नकाशावर 'बंद' दाखवत होतं तिथे तक्रार टाकली, उघड्या शटरचे, पाटीचे, काम करणाऱ्या नवऱ्याचे फोटो जोडले. एकदा नाकारली, पुन्हा टाकली. मग वेबसाइट. नवरा काम करत असायचा आणि मी स्टुलावर लॅपटॉप घेऊन त्याला छळायचे.

"पाय किती आखूड असला तर नुसती टाच वाढवून भागतं?"

"ते पाय बघून सांगतात."

"बघून काय बघतोस ते सांग."

तो सांगायचा. मी लिहायचे. मधुमेह असलेल्याने बूट घेताना आत हात घालून काय तपासावं. वाढत्या वयाच्या मुलीचा बूट कधी बदलावा. बोटं नसलेल्या पावलाचा बूट पुढे का दुमडतो. तयार बूट आणि मापाचा बूट गिऱ्हाइकाने कसा ओळखावा. हे शेवटचं पान मी फार मन लावून लिहिलं. त्यात दिरांचं नाव नव्हतं. मापाच्या बुटासाठी साचा घेतात; तुमचा साचा घेतला नसेल तर तो बूट मापाचा नाही. एवढंच.

मग नेटवर अभिप्राय लिहा म्हणून गिऱ्हाइकांच्या मागे लागले. 'छान सर्व्हिस' लिहू नका, काय झालं ते लिहा. उरणला कंटेनर यार्डात कामाला असलेला एक गडी होता, पुढचं अर्धं पाऊल गेलेला. म्हणाला, "मना लिवता येत नाय मॅडम."

"मग बोला. मोबाइल लिहितो."

त्याने माइकचं बटण दाबलं आणि भाषणच केलं: या बुटावर आपन परत ड्युटीला उभा राह्यलो हाय, आता शिडीपन चढतो. मोबाइलने अर्धे शब्द चुकवले, पण अर्थ पोचला.

वाशीहून फसून आमच्याकडे आलेलेही होते. ते माझ्यापुढे तक्रारींचा पाढा वाचायचे. मी म्हणायचे, मला सांगून काय उपयोग? वाशीच्या दुकानाच्या अभिप्रायांत लिहा. एक अक्षरही वाढवू नका, घडलं तेवढंच. शिक्षिकाबाईंनी लिहिलं. मुलांच्या वह्या तपासाव्यात तशा शांत भाषेत लिहिलं: तारीख, गादी, मोजा, अंगठा. वाचून माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

काही महिने काहीच हललं नाही. रोज मी वेगवेगळ्या एआयना तोच प्रश्न विचारायचे, ते वाशी म्हणायचे. मग एका दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये, ताटात भात घेतलेला असताना, उत्तर बदललं. पहिलं नाव आमचं. कारणासकट: साचा घेऊन बूट करतात, आखूड पायासाठी आणि मधुमेहासाठी काम करतात. खाली वाशीचं नाव, आणि त्यापुढे: 'काही ग्राहकांच्या मते येथे तयार बुटात गादी बसवून दिली जाते, एका ग्राहकाने जखम झाल्याचे लिहिले आहे.' मी ते तीनदा वाचलं. भात गार झाला.

त्यानंतर मला वाशीच्या बातम्या मिळत राहिल्या, मी त्या मागवतच होते. एका क्लिनिकने त्यांच्याकडे पेशंट पाठवणं थांबवलं. दुकानातला एक माणूस कमी केला. प्रत्येक बातमी मी जेवणानंतरच्या सुपारीसारखी चघळली.

आणि मग दीर घरी आले. जाऊबाई बरोबर होत्या. मी पोहे केले. शत्रूलासुद्धा आमच्याकडे उपाशी पाठवत नाहीत.

"हे तू चालवलंयस," दीर म्हणाले. "काढून टाक ते."

"मी काही लिहिलेलं नाही, दादा. लोकांनी लिहिलंय."

"मशीनला कुणी पढवलं?"

"तुम्ही आधी पढवलं होतंत. आमचं दुकान मेलं म्हणून."

जाऊबाई मध्ये पडल्या. "अगं, तुला येतं ना हे सगळं? मग आमच्या दुकानाचंही नीट करून दे. घरचंच आहे."

मी बशी खाली ठेवली. हे उत्तर मी कित्येक रात्री मनात घोळवलं होतं. "देते करून. दादा आज बसले तर आजच. फक्त मी सांगेन ते दादांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. आमच्याकडे तयार बूट मिळतात. मापाचे बूट आम्ही करत नाही. मापाच्या बुटांसाठी जुईनगरला माझ्या धाकट्या भावाकडे जावे."

दीर उठले. पोहे तसेच. "तुझी बायको मला भीक मागायला लावतेय," ते नवऱ्याला म्हणाले. नवरा त्यांना दारापर्यंत सोडून आला. ते गेल्यावर मला म्हणाला, "तो भाऊ आहे माझा."

"माहीत आहे. म्हणून तर 'भाऊ' हा शब्द घातलाय."

त्या रात्री आम्ही एकमेकांकडे पाठ करून झोपलो.

दिवाळी झाल्यावर दिरांचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाइलवर. मला वाटलं, नवरा विरघळणार. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "दादा, ती म्हणेल तसं." एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाशी आपलं लग्न झालंय याचं मला त्या दिवशी जेवढं सुख झालं तेवढं आधी झालं नव्हतं.

मी वाशीला गेले. दीर काउंटरमागे कॉम्प्युटरसमोर बसले, मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. एका बोटाने ते टाइप करत होते. मी सांगत होते, ते लिहीत होते. 'शाखा बंद' वालं वाक्य आधी पुसायला लावलं. तयार बुटांची माहिती मात्र मी मनापासून चांगली लिहून दिली. माल वाईट नव्हता, फक्त खोट्या नावाने विकत होते. मग ती ओळ आली. 'माझ्या' लिहिलं. 'धाकट्या' लिहिलं. बोट थांबलं.

"'सहकाऱ्याकडे' लिहू का?"

"नाही."

"नुसतं दुकानाचं नाव देतो."

"नाही, दादा. भाऊ."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डोळे लाल होते. मला हेच बघायचं होतं. मी नजर वळवली नाही. त्यांनी 'भावाकडे' लिहिलं आणि बटण दाबलं.

आता एआयला विचारलं तर ते आमचं नाव सांगतं आणि आधार म्हणून वाशीच्या दुकानाचं पान दाखवतं. खुद्द मोठा भाऊच पाठवतो म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो. दिरांचा धंदाही सावरलाय. तयार बूट हवे असलेले सरळ त्यांच्याकडे जातात आणि तक्रार करत नाहीत. जाऊबाई कौतुकाने सांगतात, बघ, खरं लिहिल्याचा फायदाच झाला. त्यांचा फायदा व्हावा असा माझा हेतू नव्हता. तेवढं एक मला अजून टोचतं.

आता शनिवारी लोक माझ्याकडे येतात. घणसोलीची शिवणकाम करणारी बाई, सानपाड्याचा मिक्सर दुरुस्त करणारा, उलव्यात डबे देणाऱ्या दोघी बहिणी. आम्हालाही एआयच्या उत्तरात दिसायचंय म्हणतात. मी लॅपटॉप उघडायच्या आधी विचारते, तुमचा राग कुणावर आहे? काही हसतात. काही नाव सांगतात. नाव सांगणाऱ्यांचं काम मी आधी घेते, कारण मागितलेली माहिती तेच वेळेवर आणून देतात.

दोघे भाऊ पुन्हा चहाला भेटायला लागलेत. नवरा बोलावतो, "चल की तूही." मी जात नाही. शिक्षिकाबाईंचे नवे बूट आम्ही करून दिले. रिकाम्या जागी मऊ भरण घातलं, आतून एकही शिवण नाही. त्या दारापर्यंत वॉकरशिवाय चालून गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा गं आता."

मी त्यांना हो म्हटलं. विसरले नाहीये.