गार पेल्यातला संत्रा

खामगावच्या निखिलनं मला फसवलं, आणि तेही माझ्या नाकासमोर. संत्र्याच्या सालीला नख लावलं की बारीक फवारा उडतो, डोळ्यांत चुरचुरतो, आणि त्याचा कडवट, तेलकट वास बोटांना दुपारपर्यंत सोडत नाही. फळांच्या हातगाडीपासून संग्रामपूरच्या माझ्या संत्र्याच्या शेडपर्यंत मला त्या वासानंच आणलं. दरासाठी मी भल्याभल्यांशी भांडलो, पण वासाबद्दल कधी खोटं बोललो नाही. तो वास कुणी बाटलीत भरू पाहत असेल, तर मला आनंद का होऊ नये?

निखिल संत्र्याची व्होडका काढणार होता. खऱ्या सालीची, असं म्हणाला. माझ्याकडे फळं निवडणाऱ्या सुमनबाईंनी आणखी चौघींना घेऊन तीन दिवस डागी संत्री सोलली. रसानं त्यांच्या बोटांच्या चिरा झोंबत होत्या. पोती भरून साल निखिलकडे गेली. मग खामगावच्या एका हॉटेलात, पाहुण्यांसमोर, निखिलनं मला पहिला पेला दिला. बर्फातून काढलेला, काचेवर दव धरलेला. मी घोट घेतला आणि सगळ्यांदेखत बोलून गेलो, "हा आपला संत्रा."

केवढा हा गाढवपणा! पहाटेच्या गारव्यात मी कधी बागेचा सौदा करत नाही, कारण थंड फळाचा वास झोपलेला असतो. ऊन चढू द्यावं, साल कोमट होऊ द्यावी, मग नख लावावं. साऱ्या तालुक्याला हे शिकवणारा मी पेल्यापुढे मात्र विसरलो. थंडी दोष झाकते, फळाचे तसे दारूचेही. म्हणून पेला तळहातात धरून आधी गारठा उतरू द्यावा. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगावं, म्हणजे दारूचा झणका नाकात भरत नाही. लहानसा घोट जिभेवर फिरवावा. साल असेल तर गोडीमागून कडवटपणा येतो आणि जिभेच्या कडांवर रेंगाळतो. नुसता एसेन्स असेल तर गोडी धावत येते आणि तशीच पळून जाते. शेवटी एक थेंब तळहातावर चोळावा. दारू उडून जाते. उरतं ते खरं.

बाटली शेडवर आली तेव्हा हे सारं केलं. लेबलावर छापलं होतं, 'संग्रामपूरच्या सालीची', आणि खाली ग्वाही म्हणून माझं नाव! नाकावर विश्वास बसेना, म्हणून तळहात सुमनबाईंपुढे धरला. त्या दारूला शिवत नाहीत, पण वास घेऊन हसल्या. "भाऊ, हा तं जत्रेतल्या गोळीचा वास येऊन राह्यला." मग हसू थांबलं. "मंग आमी सोललेली साल गेली कुठं?"

मी निखिलला फोन लावला. सालीनं दर खेपेला चव बदलते, गिऱ्हाइकाला एकसारखी लागते, असं त्यानं मलाच समजावलं. वर म्हणाला, "काका, पास तं तुमीच केली ना?" सालीच्या पोत्यांचं विचारताच त्यानं फोन ठेवला.

चव बदलते म्हणे! मृग बहाराचा संत्रा वेगळा, आंबिया बहाराचा वेगळा. कधीच न बदलणाऱ्या चवीला संत्रा म्हणायचं तरी कशाला?

त्याच हॉटेलात जाऊन, चार माणसांपुढे, मी माझा शब्द परत घेऊन आलो. चूक माझी होती, तिचा जाब मी दिला. पण तळहात कितीदा धुतला तरी तो गुळचट वास मला अजून येतो, आणि नख लावायला संत्रा उचलला की आधी तोच आठवतो. निखिल, आता तू संग्रामपूरला ये. ऊन चढल्यावर ये, बर्फ आणू नकोस. मला काही सांगू नकोस. सुमनबाईंपुढे बस, त्यांच्या बोटांकडे बघ आणि सांग: साल गेली कुठं?