कुंपणाजवळची अंबाडी

“अगं, अंबाडी काय झकास आलीये! भाजीपुरती खुडते गं,” म्हणत शेजारच्या काकू कुंपणावरून वाकल्या.

ती अंबाडी नव्हती. लष्करातल्या मामांनी हिमालयाकडून चटणीसाठी भांगेच्या बिया आणल्या होत्या. त्यांतल्या चार मी गुपचूप पेरल्या. तिकडचा उन्हाळा आखूड, म्हणून थंडीआधी ही झाडं घाईने फुलतात, असं मामा सांगायचे. इथे नाशिकला थंडी अजून लांब होती, तरी माझी झाडं गुडघाभर होताच कळ्या धरू लागली होती. ती घाई बियांतूनच आली असेल का? मी रोज वहीत उंची लिहायचे, घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकूंची ओंजळ भरत आली.

“काकू, ती शिजवू नका,” मी म्हणाले. “भांग आहे. मीच लावलीये.”