गाण्यात शिरलं गाऱ्हाणं

आमच्या घरात एकच कॅसेट होती आणि तिच्यात एकच गाणं होतं.

त्या काळी मालवणच्या बाजारात एक दुकानदार कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचा. लोक त्याला आपल्या आवडीची दहाबारा गाणी सांगत. मी एकच सांगितलं.

"आणि बाकीची?"

"बाकी पण हेच."

"दोन्ही बाजूक?"

"दोन्ही बाजूक."

त्याने आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "चेडू खंयचा?"

चेडू वेंगुर्ल्याचं होतं. नाव सुलभा. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा मोठी माणसं आंब्याच्या मोहोरावर बोलण्यात गुंतली आणि आम्हा दोघांना पडवीत जरा मोकळीक मिळाली. समोरच्या हॉटेलात हे गाणं जोरात चालू होतं. आधी गिटार, मग ढबढब ढोल आणि मग एक बाई शब्द विसरल्यासारखी नुसतीच हुंकारते. (शब्द पुढे येतात, पण तोवर माझ्यासारख्याचं काम झालेलं असतं.) सुलभा रस्त्याकडे बघत म्हणाली, "हे गाणं सकाळपासून वाजतंय."

एवढंच. पण त्या वाक्यात मला काय काय ऐकू आलं! सकाळपासून वाजतंय, म्हणजे ती सकाळपासून ऐकतेय. सकाळपासून ऐकतेय, म्हणजे माझी वाट बघत ऐकतेय. म्हणजे हे गाणं आता तिचं आणि माझं. तोंडवलीला घरी परत येईपर्यंत एसटीत मी तो हुंकार इतक्या वेळा काढला, की शेजारच्या म्हाताऱ्याने मला खिडकीकडची जागा दिली. त्याला वाटलं, मला गाडी लागलीय.

मामाने मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर घरात होताच. ऑफिसातून आलो की तो मांडीवर घेऊन मी अंगणात माडाखाली बसायचो. समोर समुद्र, कानात हुंकार आणि डोळ्यांपुढे वेंगुर्ल्याची पडवी! ऑफिसात कुणाचा सातबारा मागायला आलेला माणूसही मला त्या दिवसांत प्रेमळ वाटायचा. सेल उतरले की मी ते उन्हात सुक्या बांगड्यांशेजारी वाळत घालायचो, त्यामुळे माझ्या प्रेमाला जरा वासही होता.

घरच्यांना मात्र सोसवेना. आई एकदा चुलीपाशी डोकं धरून म्हणाली, "अरे बाबू, ती बाई कण्हता कशाक? तिका खंय दुखता?"

"आई, तो हुंकार आहे. मूड असतो तो."

"मग तिका आल्याचो काढो करून दी. बरी होतली."

धाकटी बहीण शैला तर ते गाणं लागलं की विहिरीवर जाऊन बसायची. (त्या महिन्यात आमच्या घरात पाणी कधी कमी पडलं नाही.)

फक्त तात्या काही बोलत नसत. तात्या म्हणजे माझे काका, आणि आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालणारे. देवापुढे नारळ ठेवून ते खणखणीत आवाजात सगळ्यांसाठी मागणं मागत, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जांभई देणाऱ्याकडे बघून जांभई येते, तसं ते आपोआप तोंडातून बाहेर पडतं. तात्यांचा मुलगा बंड्या मुंबईत शिवणाचं दुकान घालत होता आणि त्याला बापाचं गाऱ्हाणं हवं होतं. तात्यांच्याने प्रवास होत नव्हता, म्हणून ते टेप करून पाठवायचं ठरलं. एका रविवारी मी घरात नसताना शैलाने ते करूनही दिलं. घरात कोरी कॅसेट नसताना ते झालं कशात, हा प्रश्न तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवा होता. पण डोक्यात जागा नव्हती, तिथे बाई होती.

पुढच्या आठवड्यात वेंगुर्लेकर मंडळी आमचं घर बघायला येणार होती. सुलभाचे वडील हेडमास्तर. मासेवालीशीसुद्धा प्रमाण मराठीत बोलणारे, आणि हसताना त्यांना कुणी बघितलेलं नव्हतं. मध्यस्थामार्फत त्यांचं मत आमच्याकडे पोचलं होतं, "मुलगा ठीक आहे, परंतु तंद्रीत वाटतो." म्हणजे सगळं त्या दिवसावर होतं. मुलगी हातची गेली असती तर मला खरोखर फार वाईट वाटलं असतं, आणि मुख्य म्हणजे त्या कॅसेटचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरला असता.

मी बेत आखला. गप्पांत एखादा शांत क्षण येईल, मी खोकेन, आतून शैला बटण दाबेल, आपलं गाणं सुरू होईल आणि सुलभा वर बघेल. कॅसेट मी स्वतः पेन्सिलने सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवली, आणि त्या दिवसासाठी सेल राखायला त्या रविवारपासून ती लावलीही नाही.

मंडळी आली. सुलभा निळ्या साडीत, हेडमास्तर काळ्या टोपीत. चहा झाला. शांत क्षण आला. मी खोकलो.

आतून काही नाही. शैला वडे तळत होती आणि तेलाच्या आवाजात माझा खोकला कुठला ऐकू येणार! मी जरा मोठ्याने खोकलो.

हेडमास्तरांनी बशी खाली ठेवली. "खोकला कधीपासून आहे?"

"नाही, नाही. आताच आला," म्हणून मी आणखी मोठ्याने खोकलो.

"रात्री ताप वगैरे?"

आई गरम पाणी घेऊन धावली. "परवापर्यंत धडधाकट होतो हो ह्यो!" हे ऐकून हेडमास्तरांनी खुर्ची मागे सरकवली आणि सुलभालाही मागे सरकायला खूण केली. मी थांबायला हवं होतं. पण घाबरलो आणि घाबरून जो खोकला आला तो मात्र खरा होता. डोळ्यांतून पाणी आलं.

हेडमास्तर उठले. टोपी डोक्यावर चढवली. "आम्ही विचार करून कळवतो."

हे वाक्य आमच्याकडे ज्याला कळतं त्याला कळतं. तात्यांची मान खाली गेली. सुलभाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी जीव एकवटून शेवटचं खोकलो, आणि तेवढ्यात आत वडे तळून झाले.

आतून खर्रर्र असा आवाज झाला. मी डोळे मिटून गिटारची वाट बघू लागलो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. सगळे म्हणजे सगळे. उंबऱ्याशी पोचलेले हेडमास्तर गर्रकन वळले, टोपी काखेत गेली आणि हात जोडले गेले.

"माझो झील बंड्या मुंबैक दुकान घालता, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" (जन्मभर गाऱ्हाणं घालणाऱ्या तात्यांना "व्हय" म्हणायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती. ते सर्वांत रंगले होते.)

"माझ्या पुतण्याचा लगीन जुळान येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चेडू गुणाचा आसा. पण तेचो बापूस हेडमास्तर, हसना नाय, बोलना नाय. तेची मान एकदाची 'व्हय' म्हणान हालांदे रे म्हाराजा!"

मी डोळे उघडले, पण उशीर झाला होता. "व्हय म्हाराजा!" सर्वांत खणखणीत आवाज हेडमास्तरांचा होता. वर्गात कविता म्हणून म्हणून कमावलेला!

"आणि ह्या पुतण्याच्या अंगात जा गाणा शिरलाहा, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज मात्र माझा. तोंडाला काय कळतं!

मग खट् झालं आणि अर्ध्यातून माझं गाणं सुरू झालं. मी आत धावलो. शैला कढईआडून म्हणाली, "दादा, सगळ्यात ताच गाणा. तेतूरला थोडा गेला तर तुका कळतला कसा?"

बाहेर आलो तर हेडमास्तर अजून उभेच. त्यांनी काखेतल्या टोपीकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं.

"गाऱ्हाण्याक 'व्हय' म्हटलंय मी," ते म्हणाले. त्यांचं प्रमाण मराठी गळून पडलं होतं. "आता मागे कसो येव?" मग खुर्ची पुढे ओढून बसले. "वडे खंय आसत? आणि ह्या बाईक कोणी तरी पाणी देवा रे, कधीधरना कण्हता ती."

सुलभा तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला. या वेळी कुणी ताप विचारला नाही.

लग्नानंतर एकदा धीर करून मी तिला पडवीतल्या वाक्याचा अर्थ विचारला.

"अर्थ कसला? सकाळपासून वाजत होतं. डोकं उठलं होतं माझं."

"मग तू मला होकार का दिलास?"

"त्या दिवशी सगळ्यांबरोबर मी पण म्हटलं ना, व्हय म्हाराजा."

ती कॅसेट मुंबईला गेली. बंड्याचं दुकान उत्तम चाललं, आणि गाऱ्हाण्यामागून येणारी बाई गिऱ्हाइकांना आवडली असं त्याने कळवलं. पण रेडिओवर ते गाणं अजून कधीतरी लागतं. मी आवाज वाढवतो, डोळे अर्धे मिटतो, मूड येऊ लागतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुलभा तात्यांच्या आवाजात ओरडते, "बा देवा म्हाराजा, ह्या गाणा आता बंद पडांदे रे म्हाराजा!"

आणि "व्हय म्हाराजा" म्हणत बटण बंद करणारा हात माझाच असतो.